बंदुकांच्या दुकानाची ना-हरकत

आमची रविवारची मराठी शाळा अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे ओळीने बांधलेल्या गाळ्यांपैकी एका गाळ्यात भरायची. समोरचं पार्किंग असं, की जूनमध्ये तिथे चप्पल काढून ठेवली तर परत येईपर्यंत तिचा फक्त अंगठा उरायचा. खोटं वाटत असेल तर तो अंगठा मी जपून ठेवलाय. गाळ्याच्या एका बाजूला दातांचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूचा गाळा रिकामा. भिंती इतक्या पातळ, की डॉक्टरकडे ड्रिल सुरू झालं की आमच्याकडची मुलं आपापला गाल धरत.

मुलं तेवीस. शिकवायला एक काकू. त्या नागपूरला तीस वर्षं शिक्षिका होत्या आणि आता इथे मुलाकडे राहतात. एखाद्या मुलाने बाथरूमला जाऊ का असं इंग्रजीत विचारलं, तर काकूंना ऐकूच यायचं नाही. मूल मराठीत विचारेपर्यंत जागच्या जागी उड्या मारत राही.

एका रविवारी रिकाम्या गाळ्यावर बोर्ड लागला: बंदुका, काडतुसं, सेफ्टी क्लास, लवकरच.

"तू फार बोलतोस ना?" काकू मला म्हणाल्या. "आता कामाचं बोल. सिटीच्या ऑफिसात जा. माझी शाळा इथेच राहिली पाहिजे, आणि ते दुकान नको."

आपल्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. निवेदन! तीन पानं लिहायची, खाली सह्यांची शेपटी लावायची आणि साहेबाला घाम फोडायचा. पालकांच्या ग्रुपवर मसुदा टाकला. चाळीस जणांनी स्वल्पविराम दुरुस्त केले, मजकूर कोणीही वाचला नाही. नाहीतर मुलांचा आकडा कोणालातरी दिसला असता. "तेवीस मुलं" असं आधी लिहिलं होतं मी, पण ते फारच केविलवाणं दिसत होतं. तेवीस पोरांसाठी कोण खुर्चीतून उठणार? म्हणून दीडशे केली. हात वळलाच होता, तर पालक, आजी-आजोबा आणि ढोल-ताशा पथकही घातलं. पथक म्हणजे दोन ढोल, त्यातला एक फुटका. काकूंनी कागद वाचायला मागितला तेव्हा घाईत आहे म्हणून सटकलो.

ऑफिसात झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेत काय चालवता येतं ते, बघणाऱ्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर, आवाज लोण्यासारखा. बोलणं इंग्रजीत झालं, पण मला राग मराठीत येत होता, म्हणून मराठीतच सांगतो.

"शाळेपासून इतके फूट लांब, असा काही नियम असेलच ना?" मी विचारलं.

"नाही. आम्हाला करताही येत नाही. राज्याचा कायदा आहे. बुटांच्या दुकानाला जो नियम लागतो, त्याहून कडक नियम शहराने बंदुकांच्या दुकानाला लावायचा नाही."

"बुटांच्या?"

"बुटांच्या, केकच्या, गाद्यांच्या. दुकान म्हणजे दुकान."

"मग शहराच्या हातात उरलं काय?"

"पार्किंग. बोर्डाचा आकार. त्यांचा बोर्ड मोजला मी. बरोबर आहे."

"पण हे तुम्हाला तरी पटतं का?"

"मला पटून न पटून काही होत नाही," बाई म्हणाल्या. त्या एवढ्या सभ्यपणे म्हणाल्या की भांडायलाही जागा उरली नाही. भिंतीवर डोकं आपटायचं तर निदान भिंत तरी कडक हवी! मी तासभर बोललो. घड्याळ थकलं, बाई नाही. मग त्यांनी निवेदनाचं दुसरं पान उलटलं आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला.

"दीडशे मुलं? या गाळ्यात?"

माझी छाती फुगली. "कमीच लिहिलीत."

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. आमचा गाळा ऑफिस म्हणून नोंदलेला होता. तिथे शाळा भरवायची तर वेगळी परवानगी, शेजाऱ्यांना पत्रं आणि जाहीर सुनावणी. दुकानाला यातलं काही नको, कारण ती जागा मुळात दुकानांचीच. शिवाय दीडशे मुलं म्हटल्यावर आग-सुरक्षेचा माणूस बघून जाणार.

"अहो, तेवीसच आहेत!"

"आत्ता तर दीडशेही कमी म्हणालात."

"ते निवेदन होतं हो!"

आठवड्यात पत्र आलं: परवानगी मिळेपर्यंत वर्ग बंद. काकूंनी ते दोनदा वाचलं. "दीडशे? अरे, तीस वर्षांत मी पटावर एक खोटं नाव चढवलं नाही, आणि तू एका दुपारीत सव्वाशे चढवलीस?"

शाळा काकूंच्या जेवणाच्या टेबलाभोवती भरू लागली. आठ मुलं सॉकरला गेली ती गेलीच. त्याच महिन्यात शेजारचं दुकान फुगे लावून थाटात उघडलं. त्याला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आम्ही मात्र नकाशे काढले, दारं मोजली, फॉर्म भरले. आणि शेजाऱ्यांना द्यायच्या पत्रांत सगळ्यात वर कोणाचं नाव? त्या दुकानवाल्याचंच!

काकू आणि मी पत्र घेऊन त्याच्या दुकानात गेलो. भिंतीवर रायफली ओळीने टांगलेल्या, आणि मालक चष्मा लावून काउंटरची काच पुसत होता. त्याने पत्र सावकाश वाचलं.

"मुलं किती?"

मी तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या. "ट्वेंटी-थ्री. नाऊ फिफ्टीन." आणि मला चिमटा.

सुनावणी चार मिनिटं चालली. कोणाची हरकत आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. दुकानवाला टोपी हातात घेऊन उठला. माझी काही हरकत नाही, म्हणाला, मुलं शेजारी असलेली मला आवडतील. परवानगी मंजूर. आमची हरकत मात्र कोणत्याच फॉर्मवर मावत नव्हती. तसा रकानाच नव्हता.

बाहेर काकूंनी कोपर मारलं. "थँक्यू म्हण."

"मी? त्याला?"

"शाळा कोणी घालवली होती?"

म्हटलं. दाताखाली खडा आल्यासारखं म्हटलं. त्याने माझा हात मनापासून हलवला आणि काकूंना आमंत्रण दिलं, रविवारी सकाळी फुकट सेफ्टी क्लास असतो, तुम्हीही या.

"नो," काकू म्हणाल्या. "संडे मॉर्निंग, माय स्कूल."