आईची शिफ्ट

मला दोन पोरं हायेत, अन् मी शिफ्टमधी चालते.

शिफ्ट हा शबुद धाकट्या सुनीलनं घरात आणला. तो शेंद्र्याला कंपनीत. कधी फस्ट शिफ्ट, कधी नाईट. मंग घर बदललं, ती बी शिफ्टिंग. आमच्या ह्यांना दवाखान्यात काचंच्या खोलीत न्यायचं, तर डाक्टर म्हणले, "पेशंट शिफ्ट करतो." (हे तिथून थेट वरच शिफ्ट झाले. पिशवी सुदिक नेली नाय!) तेराव्यालाच पोरांनी ठरवलं, आई एक महिना थोरल्याकडं उस्मानपुऱ्यात, एक महिना शेंद्र्याला. पैले विहिरीच्या पाण्याची पाळी असायची ना, तसंच.

परवा थोरल्या दिलीपनं मला फटफटीवर शेंद्र्याला आणलं, दाराम्होरं उतरवलं अन् गाडी बंद न करताच गेला. दाराला कुलूप! शेजारणीनं सुनीलला फोन लावून दिला.

"आई, माझी शिफ्ट बदलली, बायको माहेरी गेलीय. दादाला मेसेज टाकला व्हता की!"

"मंग मी काय करू?"

"आठ दिस दादाकडंच थांब की!"

शेजारणीनं रिक्षात बसवलं. उस्मानपुऱ्यात आले, तर तिथं बी कुलूप! थोरल्याचं सारं घर हॉटेलात जेवाया गेलेलं. माझी शिफ्ट संपल्याचा आनंद, दुसरं काय!

पिशवी मांडीवर घिऊन पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या शमीमआपा खाली आल्या.

"क्या अम्मा, सामान शिफ्ट कर रै क्या?"

"सामान म्हंजी मीच, आपा."

त्या हसल्या नाय. हाताला धरून वर नेलं, खिचडी अन् चिंचेचा आंबट खट्टा वाढला. लई दिसांनी कुणीतरी "अजून घ्या" म्हणलं.

शिफ्ट सुटल्यावर सुनील मला बघाया आला, तेवढ्यात दिलीप बी पोट भरून आला. जिन्यातच जुंपली.

"तुझी पाळी व्हती!"

"दादा, मेसेज बघत जा की!"

"आईला काय मेसेजवर ढकलतो व्हय रं?"

"अन् तू? कुलपाम्होरं टाकून गेला!"

मी वरून वाकून इचारलं, "सुनील, कंपनीत दुसरा गडी आल्याबिगर मशीन सोडतो का रं?"

"छ्या! मशीन लई महागाची असती, आई."

बोलला, अन् मंग जीभ चावली. दिलीप चपला बघत उभा ऱ्हायला.

तवापासून मी पिशवी भरूनच ठिवते. माझा भोंगा कधीबी वाजंल. पर नशीब माझं! वर गेले तर तिथं बी दार लावलेलं असंल, अन् हे आतून म्हणतील, "अगं, आठ दिस पोरांकडंच थांब की!"