तुळशीराम भोपींचा आहा

विचुंब्याच्या तुळशीराम भोपींना गाता येत नव्हतं, पेटी वाजवता येत नव्हती, आणि त्यांच्या हातात टाळ दिला तर पखवाजवाला आधी हात जोडायचा. तरीही सुकापूरपासून नेऱ्यापर्यंत कुठलंही भजन त्यांच्यावाचून सुरू होत नसे, कारण तुळशीदादांना ऐकता येत होतं. ऐकणं ही गाण्याहून अवघड विद्या आहे. ज्याला पटत नसेल त्यानं एखाद्या हौशी बुवासमोर तीन तास मांडी घालून बसून दाखवावं.

भजनाच्या दिवशी त्यांना न्यायला रिक्षा यायची. पहिल्या रांगेत, बुवाच्या बरोबर समोर, त्यांच्यासाठी घडी केलेली सतरंजी असायची. बुवानं वरच्या सुरावरून नागमोडी उतरत समेवर अलगद टेकावं, की तुळशीराम मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आहा! काय जागा घेतली!" एवढ्यासाठी बुवा महिनाभर घसा खरवडायचे.

आता गाण्यात जागा घेणं म्हणजे काय, ते जाणकारांना ठाऊक असतं. पण पनवेल तालुक्यात जागा म्हणजे गुंठे. त्यामुळे भजनाला नवखा कुणी आला असला, तर तो शेजाऱ्याला हळूच विचारायचा, "कितीला घेतली?"

तरुणपणी तुळशीरामांनी दगडखाणीत सुरुंग लावायचं काम केलं होतं. त्याचं फळ म्हातारपणी कानांना मिळालं. आधी टाळ गेले, मग पेटी गेली, आणि साठी उलटून दोन वर्षं झाली तेव्हा कान ठार बहिरे झाले. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, वेणूबाईंना, माहीत होती. मुलाला, परेशला, बाप आपलं ऐकत नाही एवढंच माहीत होतं, आणि ते त्याला लहानपणापासूनच माहीत होतं. कानाला यंत्र लावायची सोय नव्हती. ऐकण्यासाठी ज्याला रिक्षा पाठवतात, त्यानंच कानात यंत्र घालून रिक्षातून उतरायचं म्हणजे अब्रूचं खोबरंच.

मग तुळशीरामांनी डोळ्यांनी ऐकायला सुरुवात केली. पखवाजवाल्याची मान, पेटीवाल्याचं हसू, बुवाच्या गळ्याची शीर, एवढ्यावरून ते दाद द्यायचे. ती पाव मात्रा उशिरा यायची. गंमत अशी की त्यामुळे त्यांचं नाव दुप्पट झालं. "तुलशीदादा पयल्यासारी उतावली दाद देत नाय आता," लोक म्हणायचे. "आदी मुरवतो, मग देतो." एकदा भर भजनात वीज गेली आणि त्या अंधारात तुळशीराम दहा मिनिटं गप्प बसले. तो बुवा इतका खचला की त्यानं सहा महिने पेटीवरचं कापड काढलं नाही.

अशी तीन वर्षं ढकलली आणि दोन हजार बाराचा नाताळ आला.

नवीन पनवेलमधल्या एका चर्चला परदेशातल्या एका बंद पडलेल्या चर्चनं आपला जुना ऑर्गन भेट दिला होता. हवेवर वाजणाऱ्या शेकडो नळ्यांचा, माडीभर पसरणारा. तो उरणच्या बंदरात कंटेनरमधून उतरला. परेश ज्या एजंटाकडे कामाला होता, त्याच्याकडेच कागदपत्रं आली. कागदावर 'ऑर्गन' वाचून तिथल्या कारकुनानं घाईघाईनं बर्फाच्या चार लाद्या मागवल्या. परेशनं गैरसमज दूर केला, बर्फ शेजारच्या कोळणींना दिला आणि ऑर्गन सुखरूप पोचवला. त्या निमित्तानं त्याची दीनानाथ सरांशी ओळख झाली.

दीनानाथ सर मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. परेशच्या तोंडून तुळशीरामांची कीर्ती ऐकून ते एका सकाळी स्वतः विचुंब्याला आले. त्यांच्या मिशा इतक्या घनदाट होत्या की खालचा ओठ आहे की नाही याचा पत्ता लागत नव्हता. तुळशीरामांना ओठ वाचायची सवय होती. इथे वाचायला काहीच नव्हतं.

"चाळीस वर्षं वाजवतोय," सर म्हणाले, "पण लोकांकडे पाठ करून. मागे कुणी ऐकतंय की डुलक्या काढतंय, कळायला मार्ग नाही. उपासनेत टाळी नसते. वाजवून झालं की लोक केककडे वळतात. नाताळच्या आधीच्या रविवारी मी तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत वाजवणार आहे. फार उमेदीनं बसवलंय. एक तरी जाणकार माणूस मागे बसलाय, एवढं कळलं तर बरं वाटेल. याल का?"

तुळशीरामांनी मोठ्या रसिकतेनं मान डोलावली. कशाला डोलावली, हे त्यांना सर गेल्यावर वेणूबाईंनी तोंडाचा मोठा आ करत, हातवारे करत सांगितलं. ते ऐकून, म्हणजे पाहून, त्यांना दरदरून घाम फुटला. वाजवणारा माडीवर, श्रोत्यांच्या पाठीमागे. ना त्याचा गळा दिसणार, ना हात. पखवाज नाही. आणि आजूबाजूची माणसं देवळातल्या खांबांसारखी बसणार. बघायचं कुणाकडे?

"तू मना चिमटा काड," ते वेणूबाईंना म्हणाले. "बरी जागा आली का चिमटा."

"मना काय कलतं त्यातलं?" वेणूबाई म्हणाल्या. "मी भजनाला जातंय ती डुलकी काडाया."

पण दुसरा उपायही नव्हता. मांडीवर एक चिमटा म्हणजे 'आहा', दोन म्हणजे 'काय जागा घेतली', असं ठरलं.

तुळशीदादा कुठेतरी ऐकायला जाणार म्हटल्यावर विचुंब्याचं भजनी मंडळ मागे राहतं थोडंच? दोन टेम्पो भरून माणसं निघाली. मंडळाचे गणूबुवा पुढे होते. पत्रिकेतला 'बरोक' त्यांनी 'बारीक' असा वाचला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं, "बारीक वाजवनार हायेत, म्हंजे हलू. कान देऊन आयका." चर्चच्या दारात मंडळींनी रिवाजाप्रमाणे चपला काढल्या. तो ढीग पाहून आत बसलेली नेहमीची मंडळी ओशाळली, आणि एकेक जण उठून बूट काढून आला. फादरांनी सुरुवातीला सांगितलं की शेवटपर्यंत कुणी बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत. सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणून तुळशीरामांनीही हलवली.

मग माडीवरून पहिला सूर कोसळला. बारीक कसला! गणूबुवांच्या डोक्यावरची टोपी उडाल्यासारखी झाली. वेणूबाईंनी दचकून दोन्ही हातांनी नवऱ्याची मांडी धरली. ही खूण ठरलेल्या यादीत नव्हती, त्यामुळे तुळशीराम गप्प बसले.

पुढे एका सुरानं एकट्यानंच एक बारीक चाल सुरू केली. ती संपायच्या आत दुसऱ्या सुरानं तीच चाल उचलली, मग तिसऱ्यानं. पहिले दोघे काही गप्प बसेनात. "ग्रामसभा हाय यी," गणूबुवा शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. "एकानं बोललेलं दुसरा परत बोलतो, आन ऐकत कोनीच नाय." वेणूबाईंना तर चिमटा कुठे काढावा हे उमगेना. त्या घामाघूम होऊन नवऱ्याची मांडी चाचपत राहिल्या.

तुळशीराम समोरच्या भिंतीकडे बघत होते. आज आपण उघडे पडणार, ही त्यांची खात्रीच झाली होती. तीन वर्षांची लबाडी, तीही एका सज्जन माणसासमोर. उठून निघून जावं का, असा विचार त्यांच्या मनात आला.

तेवढ्यात बाक हलला.

आधी त्यांना वाटलं, खाणीत कुणी सुरुंग लावला. पण हा सुरुंग चालत होता. दीनानाथ सरांनी आता पायांखालच्या पट्ट्यांवर तीच चाल धरली होती. सर्वांत जाड नळ्यांचा तो आवाज जमिनीतून बाकात आला, बाकातून तुळशीरामांच्या माकडहाडात, तिथून मणका चढत दातांत. अनवाणी पावलांना तर तो स्पष्टच कळत होता. पायरी पायरीनं उतरत होता, एका जागी अडखळल्यासारखा थांबला, आता पडणार असं वाटलं, आणि पडायच्या ऐवजी एक पायरी वर चढून त्यानं पाय रोवला. तीन वर्षांत पहिल्यांदा तुळशीरामांच्या देहात गाणं शिरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. चिमटा, खूण, अब्रू, सगळं विसरून ते ताडकन उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाच्या बेसुमार आवाजात ओरडले,

"आहा! काय जागा घेतली!"

विचुंब्याच्या मागच्या, नवख्या मंडळींच्या रांगांत वीज सळसळली. तो काळ विमानतळाच्या चर्चेचा होता. "कोनी घेतली?" "फादरनी." "कंच्या अंगाला?" "तुलशीदादा बोलला म्हंजे एअरपोर्टच्याच अंगाला." एकेक जण फोन कानाला लावून बाहेर सरकू लागला. डोळे पुसत माणसं बाहेर जातायत, असं फादरांना वाटलं आणि त्यांनाही भरून आलं.

माडीवर दीनानाथ सरांचा पाय पट्टीवरच राहिला. चाळीस वर्षांत पाठीमागून पहिल्यांदा शब्द आला होता. त्यांनी भान सोडून तीच जागा पुन्हा घेतली. खालून पुन्हा "आहा!" आला. त्यांनी तिसऱ्यांदा घेतली. सहाव्या वेळेला मुलांचं गायनपथक कंटाळून जमिनीवर बसलं, अकराव्या वेळेला केकवरचं क्रीम ओघळू लागलं, आणि फादरांनी नाइलाजानं हवा भरणाऱ्या मोटरचं बटण बंद केलं. मोठ्या नळीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि चर्च शांत झालं.

दीनानाथ सर धडपडत जिना उतरून आले. त्यांनी तुळशीरामांचे दोन्ही हात धरले. "कुठली जागा?" ते विचारत होते. "नेमकी कुठली? सांगा ना!"

तुळशीरामांना फक्त मिशा हलताना दिसल्या. त्यांनी वेणूबाईंकडे पाहिलं. "कंची जागा, इचारतान," वेणूबाई ओठ फाकवून म्हणाल्या. आता नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तीन वर्षं भागलं होतं. पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून तुळशीरामांची मान काही डोलेना.

"सर," ते म्हणाले, "मना कानांनी आयकू येत नाय. तीन वर्सां झाली. ठार भयरा हाय मी."

सरांचे हात गळून पडले. मागे राहिलेल्या मंडळींतून गणूबुवा पुढे आले. त्यांचं तोंड तुळशीरामांनी तीन वर्षं इतक्या बारकाईनं पाहिलं होतं की त्यातला शब्दन् शब्द त्यांना कळायचा.

"तीन वर्सां?" गणूबुवा म्हणाले. "आरं, माज्या गवलनीला तू रडलास तो?"

"तुजा पेटीवाला रडत होता. म्हनून मी."

"त्याची दाड दुकत होती!"

"मना कसं कलनार?"

तीन वर्षांत गणूबुवांनी त्या गौळणीच्या जिवावर दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. "परत घे तुजे आहा," ते ओरडले. "सगले परत घे! खोटारडा!"

"घेतो," तुळशीराम म्हणाले. "तुजे सगले परत घेतो, गणू. माजं चुकलं. पन आजचा परत घेनार नाय. यो खरा हाय."

"यो पन खोटाच! भयऱ्याला काय आयकू येनार?"

दीनानाथ सर खाली बघत होते. चाळीस वर्षांनी एक श्रोता मिळाला, तोही बहिरा, हे त्यांच्या खांद्यांवरून कुणालाही कळलं असतं. ऐकण्याच्या बाबतीत तुळशीरामांचे डोळे तर तयारच होते. ते बाकापासून बाजूला झाले, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर उभे राहिले आणि अनवाणी पायांनी ठेका देऊ लागले. एक, दोन, उतरत्या पायऱ्या. मग भराभर चार. मग सावकाश. ताल कुठेही चुकत नव्हता. सरांनी मान वर केली. त्यांचा उजवा पाय नकळत तसाच हलू लागला. दोघं जण समोरासमोर, वाद्याशिवाय, पायांनी ती चाल उतरत गेले. अडखळायची वेळ आली तशी तुळशीरामांनी टाच हवेत धरली. मग ती पडायच्या ठिकाणी पडू दिली नाही, किंचित वर उचलून घट्ट रोवली.

"हितं," ते म्हणाले.

दीनानाथ सरांचा पाय त्याच क्षणी टेकला होता. पायांनी घेतलेल्या असल्या जागा वरच्या सुरांच्या गर्दीत कुणालाही ऐकू येत नसत, हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं, आणि तरी दर वेळी त्या ते जीव ओतून वाजवत आले होते. ते चर्चच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि मिशांत हुंदके देत, सगळ्यांसमोर, मोकळेपणी रडले. गणूबुवांनी आपली टोपी काढून हातात घेतली आणि वेणूबाईंना हळूच विचारलं, "वैनी, मी उंद्या तुमच्या घरी येऊन जरा पाय आपटत गायलो, तर दादाला चालंल का?"