डीजेच्या पार्टीत सापडले आमचे भाऊजी

नाय गं बायांनो, लग्न नव्हतं ते. नाशकातल्या हॉटेलात भर दुपारी डीजेची पार्टी होती. पोरींना दिवेलागणीच्या आत घरी जायचं असतं, म्हणून दुपारीच काळे पडदे लावून रात्र करतात!

मी आपली ऑर्डरीचे झेंडूचे हार घेऊन गेले. पोरं आधी स्पीकरला हार घालतात, नारळ फोडतात, मगच आवाज सोडतात. अन् आवाज असा, की छातीत कुणी मुसळानं कांडतंय.

तेवढ्यात निळ्या उजेडात कोण दिसावं? आमचे धाकटे भाऊजी! अंधारात गॉगल लावून कॉलेजच्या पोरांत उड्या मारत होते.

रविवारी त्यांच्या पोरीची हळद हाय. मला परवाच बजावलंय, "वहिनी, दादा गेलाय आता. तुम्ही नाचायचं नाय. लोक काय म्हणतील?"

मला बघून गॉगल हातात आला त्यांच्या. बाहेर येऊन म्हणतात, "वहिनी, पाया पडतो, घरी बोलू नका."

"नाय बोलत. पण हळदीला मी नाचणार."

"नाचा की! पण तुम्ही आत कशा?"

"हार द्यायला आले होते, भाऊजी."

आता सांगा गं, रविवारी मला कोण कोण साथ देणार?

अन् एक राहिलंच. हार मी दारातच दिले होते. आत नाचायलाच गेले होते.