दोन बोर्डांचे तीन झाले

नकाशा भिंतीवर चढल्यावर लक्षात आलं, की धार आणि देवास मी इंग्रजांना देऊन टाकलंय.

लाल रंग थेट इंग्रजी अमलाचा, पिवळा संस्थानांचा. आमच्या देवासात तर एकाच गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. आणि वीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या मी सगळंच लाल केलेलं. नकाशा टांगणारा म्हणाला, "भिया, ये तो गड़बड़ हो गई." मी गुपचूप पिवळा रंग आणायला गेलो.

कॉलेजचं प्रदर्शन होतं, इंग्रजी अमलातल्या माळव्याच्या व्यापारावर. मी दोन बोर्ड लिहिले होते. काही इतिहासकारांच्या मते रस्ते आले, रेल्वे आली, बाजार वाढला. काहींच्या मते माल गेला, नफाही गेला, आणि इथला कारागीर बुडाला.

कमिटीचे अध्यक्ष काळेसाहेब, पीथमपूरच्या कारखान्यातून प्लांट हेड म्हणून निवृत्त. त्यांना एकच बोर्ड हवा होता.

"देखो सर, रेल आई, विकास हुआ, बात खतम. दुसरा बोर्ड काढा."

"साहेब, इतिहासकारांत यावर वाद आहे."

"मग मिटल्यावर लावा."

तोवर मी रिटायर झालो असतो. आणि अर्ध्या इतिहासाखाली माझं नाव राहिलं असतं. मी शेवटचं विचारलं, "साहेब, तुमच्या प्लांटचा नफा कुठे जायचा?"

"हेड ऑफिसला. धूळ तेवढी आमची," ते तावातावाने म्हणाले.

"हा दुसरा बोर्ड."

"पण पोरं काम शिकली ना? कुक्षीसारख्या लहान गावातली पोरं आज स्वतःचं वर्कशॉप चालवतात."

"हा पहिला."

साहेबांनी दोन्ही बोर्ड पहिल्यांदाच नीट वाचले. मग नकाशाकडे पाहिलं, जिथे पिवळा रंग अजून ओला होता. "इथे तर संस्थानं होती. सगळं इंग्रजांनीच कसं केलं?"

मी माळव्याच्या अफूचं सांगितलं. इंग्रजांना ती आपल्याच परवान्यावर हवी होती. इथले व्यापारी त्यांची हद्द चुकवून, संस्थानांतल्या वाटांनी ती समुद्राकडे न्यायचे. काही इतिहासकार म्हणतात, म्हणून भांडवल थोडंफार इथल्याच व्यापाऱ्यांच्या हाती राहिलं.

"मग तिसरा बोर्ड कुठाय?" साहेब म्हणाले. "उद्घाटनाच्या आत लावा."

लावला. एक काढायला आलेल्या माणसाने एक वाढवला. इतिहासकारांचा वाद मिटवायला जाऊ नये, समोरच्याच्या कारखान्यात नेऊन ठेवावा.

उद्घाटनाचा फोटो मी बायकोला मोठ्या ऐटीत दाखवला. तिने तो जवळ धरला, लांब धरला.

"अहो, तीन बोर्ड म्हणता, पण एकही वाचता येत नाहीये. जरा सरकून उभं राहायला काय झालं होतं?"