माझ्या कोपराएवढा ओटा

मी माहेरी, सुलतानपूरला होते. धाडहून चुलतदीर एसटीने आले, अंगणातच थांबले, पाणीसुद्धा घेईनात… तेव्हाच ओळखलं, मामाजी गेले. माझे सासरे. आज दीड महिना होतोय.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी विहिरीच्या पायरीवरून घसरले. हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेना तो वाकेनाच. चुलीपुढे बसता येईना. सासूबाई एकट्या दहा माणसांचं रांधायच्या आणि मी दाराला टेकून पाहायची. "पोरीले माहेरी पाठवून द्या," असं भावकीतले लोक मला ऐकू येईल इतपत मोठ्याने बोलू लागले. मामाजी ऐकून घ्यायचे आणि शेताकडे निघून जायचे. मी मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली होती.

एका सकाळी त्यांनी मला मागच्या भिंतीशी उभं केलं. "सूनबाई, भाकर थापाले धरते तसे हात धर बरं." मी धरले. त्यांनी माझ्या कोपराखाली भिंतीवर कोळशाने रेघ मारली. "एवढं पुरते?" कशाला पुरते, ते मला कळलंच नाही, नुसतं हो म्हटलं.

आठवड्याने तीच भिंत फोडायला गवंडी आला. आमचं घर मातीचं, वर मातीचंच धाबं. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. सिमेंट परवान्यावर मिळायचं, त्यासाठी मामाजींनी बुलडाण्याला किती खेपा घातल्या कोण जाणे. भिंतीमागे सैपाकाची नवी खोली निघाली: जाळीची खिडकी, वर स्लॅब, आणि भिंतीलगत त्या रेघेच्या उंचीचा ओटा, त्यावर चूल. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "उभ्यानं सैपाक? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले जेवाले बोलावलं काय? मले भाकर गरम पाहिजे, बस."

महिनाभर सासूबाई त्या खोलीत फिरकल्या नाहीत. मग एक दिवस आल्या, "सरक जराशी," म्हणाल्या आणि परातीत हात घातला. माहेरी जायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

घरातले सगळे पाटावर जेवत. मी मागाहून, एकटी, ओट्याशी उभ्याने. हे मामाजींनी कधी पाहिलं, ठाऊक नाही. पण एका दुपारी तेही ताट घेऊन ओट्याच्या टोकाला येऊन उभे राहिले. "काऊन उभे?" सासूबाईंनी विचारलं. "गुडघे दुखून राह्यले." त्याच गुडघ्यांनी ते रोज पहाटे शेतात चालत जायचे… त्यानंतर ते पाटावर बसलेच नाहीत.

परवा जेवायला उभी राहिले, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून ताट जरा अलीकडे ओढून घेतलं.