ताईला सांगितलेली कादंबरी

ताई कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून बेसबॉल खेळायची. लग्न होऊन ती नेरला गेली आणि खेळ सुटला. तिला कॅन्सर झाल्यावर मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा बेसबॉलवरची एक इंग्रजी कादंबरी सोबत नेली. रोज दुपारी तिच्या खाटेशी बसून मी ती मराठीत सांगायची.

कादंबरीत एक खेळाडू असा फटका मारतो, की चेंडू खाली येतच नाही. त्यामुळे सामनाही संपत नाही. खेळाडू मैदानातच म्हातारे होतात आणि त्यांच्या बायका तिथंच डबे घेऊन येतात.

ताई खूप दिवसांनी हसली. "चेंडू पडलाच नाही तं आऊट कसा देतीन? पळू दे त्याले," ती म्हणाली.

एका दुपारी मात्र तिनं मला मध्येच थांबवलं. "आज इथंच राहू दे. थकली मी."

दोन दिवसांनी ती गेली. थोडी पानं उरलीच.

तेरवी झाल्यावर मी बॅग भरत होते. भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले.

"त्या चेंडूचं काय झालं मंग?"

बाहेरच्या खोलीतून ते रोज ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना शेवट सांगितला. चेंडू खाली येतो, पण झेलायला मैदानात कुणीच उरलेलं नसतं.

भाऊजी म्हणाले, "मी तिची एकबी मॅच नाही पाह्यली." आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवून रडायला लागले.