सुधारणा नोटीस

पोशेऱ्याची सकू जव्हारबाहेरच्या त्या मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागली, तेव्हा गावात तिचा भाव वाढला. मुंबई-ठाण्यात ज्याच्या शाखा, त्या हॉटेलात आपली बाई. त्यामुळे तिच्या मुलीचं, चैतीचं लग्न जुळत आलं आणि मुलाचे वडील, दाभोशाचे देवरामदादा म्हणाले, "बोलणी तुमच्या हॉटेलातच करू, विहीणबाई," तेव्हा तिला नको म्हणता आलं नाही. नवरा गेल्यापासून घरात बोलणारी तीच, आणि घर चालायचं ते या नोकरीवर.

नको म्हणायचं कारण गच्चीवर होतं. पाण्याच्या टाकीचं झाकण पावसाळ्यात उडालं ते उडालंच. तपासणीचे साहेब आले, टाकीत वाकले आणि नाकाला रुमाल लावून मागे सरले. आत कबूतर मरून पडलं होतं. टाकी धुवून झाकण बसवा, असा कागद साहेब देऊन गेले. कबूतर काढलं, पण टाकी धुतली नाही, झाकणही आलं नाही. मॅनेजर हेमंत म्हणाला, "हेड ऑफिसची मंजुरी येऊ दे." कागद मात्र साहेबांनी बजावलं म्हणून बेसिनच्या वर चिकटवला.

बोलणीच्या दिवशी सकूला सुट्टी मिळाली नाही. देवरामदादा नातीला, हर्षालीला कडेवर घेऊन आले. हात धुताना चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सुधारणा नोटीस." खालची बारीक अक्षरं सोडून दिली. "बघा, सुधारणा झाली म्हणून सरकारनंच लिहून दिलंय. आमच्या ग्रामपंचायतीला नाय मिळाला असा कागद."

"दादा, ते तसं नाय..." सकू पुटपुटली. गल्ल्यावरून हेमंतनं मान वर केली. तिनं बोलणं वळवलं. "मी काय म्हणते, घरी चला. नागलीची भाकर टाकते, कोंबडं कापते."

"कोंबडं लग्नात कापा. आज आमाला खुर्चीवर बसून खाऊ द्या." दादा हसले, मग हसू आवरून म्हणाले, "का आमी आलेलं आवडलं नाय?"

"नाय ओ दादा, बसा," म्हणत सकूनं खुर्ची पुढे ओढली.

"सकू, टेबलाला पाणी दे," हेमंतनं हाक दिली.

तिनं टाकीच्या पाण्याचा जग ठेवला, ग्लास भरले. मग आत जाऊन पिशवीतली आपली घरची बाटली आणली आणि हर्षालीच्या ग्लासात रिकामी केली. घोटभरच होतं.

"अजून," पोरगी म्हणाली.

"घे बाय, माझं घे." दादांनी आपला भरलेला ग्लास तिच्याकडे सरकवला.

सकूनं ग्लासाचा काठ धरला. दादा तिच्या हाताकडे बघत राहिले. गल्ल्यावरून हेमंतही बघत होता.

"गार हाय," ती म्हणाली. "दातांना कळ लागंल."

"उन्हातून आलीय पोर. गारच पायजे."

सकूनं हात काढून घेतला.